सुट्टीच्या दिवसांत इमारत कोणाच्या ताब्यात?

(पतपेढ्या आणि कामगार संस्थांच्या इमारती सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर काही मित्रांनी आम्हाला विचारले की, कामगार चळवळीच्या व्यासपीठावर हा मालकांचा विषय कशासाठी? गाळे, भाडेकरू, सभागृहाचे आरक्षण, नाताळची गर्दी यांच्याशी आपला काय संबंध? त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो.

आपण स्वतःच मालक आहोत, हे आपण विसरलो आहोत. आपल्या आधीच्या पिढीने पगारातून दरमहा थोडे थोडे कापून पतपेढ्या उभ्या केल्या आणि त्या पतपेढ्यांनी इमारती बांधल्या. खाली रस्त्याच्या बाजूला गाळे, वर कार्यालय, त्याच्यावर एखादे सभागृह आणि गच्ची, ही रचना जंक्शनच्या बहुतेक गावी दिसेल. काही ठिकाणी युनियनच्या इमारतीही अशाच आहेत. गाळ्यांच्या भाड्यातून कर आणि दुरुस्ती भागते, तर सभागृहाच्या भाड्यातून मुलांच्या बक्षिसांना आणि वैद्यकीय मदतीला हातभार लागतो. म्हणजे कार्यालयात आपण नोकर असलो, तरी त्या इमारतीच्या पायरीवर आपण मालक असतो. तिथे पहारा देणारा, जिना झाडणारा आणि पंप चालवणारा माणूस आपल्याकडे मालक म्हणूनच बघतो.

ही मालकी वर्षातून एकदा कसाला लागते. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते. डिसेंबरात शाळांची स्नेहसंमेलने असतात, मग नाताळ येतो, मग वर्षअखेर. आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडते. सरकारी माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे ३१ डिसेंबरला सभागृहात निवृत्तीचा सत्कारही ठरलेला असतो. दुकानदार हंगामाचा माल भरून ठेवतात. इमारतीत एरवीपेक्षा जास्त माणसे, जास्त माल आणि जास्त वीज असते.

आणि नेमके याच दिवसांत इमारतीची माहिती असलेली माणसे तिथे नसतात. शाळांना सुट्टी असल्याने चिटणीस एलटीसी घेऊन कुटुंबासह निघालेले असतात. खजिनदारांच्या घरी लग्न असते. २५ डिसेंबरला कार्यालय बंद असते. वायरमन गावी गेलेला असतो. मागे राहतो तो कंत्राटदाराने पाठवलेला पहारेकरी, आणि त्याच्या हाती असते एक काठी आणि एक शिट्टी. भार सर्वांत जास्त आणि अधिकाराची माणसे सर्वांत कमी, अशी हिवाळ्याच्या सुट्टीतल्या इमारतीची स्थिती असते. आज जे सांगायचे आहे ते सारे यातूनच निघते.

आता आमचीच गोष्ट सांगतो. ती अभिमानाची नाही, म्हणून ती सांगणे अधिक जरूर आहे.

काही वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या सभागृहात दोन सहकाऱ्यांचा निवृत्ती सत्कार होता. बायकामुले धरून दीडशेवर माणसे होती. गच्चीवर आचाऱ्यांचे काम चालू होते. आमच्या इमारतीला दोन जिने आहेत. त्यांपैकी मागच्या जिन्यावरून एकदा चोरी झाली होती, म्हणून समितीने तिथे लोखंडी जाळीचे दार बसवून कुलूप घातले होते. किल्ली चिटणिसांकडे असे. पुढच्या जिन्याखाली मीटरची खोली. खालच्या एका गाळेधारकाने हंगामाच्या मालाची पुठ्ठ्याची खोकी तिच्या दाराशी रचून ठेवली होती. ही खोकी आम्ही सर्वांनी जाता-येता पाहिली होती. चार दिवसांचा प्रश्न आहे, धंद्याचे दिवस आहेत, भाडे वेळेवर देतो, असे म्हणून कोणी बोलले नाही.

रात्री आठच्या सुमारास मीटरच्या खोलीतून धूर येऊ लागला. पहारेकऱ्याने तो पाहिला. मेन स्विच पाडायचा की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. उलट पूर्वी एकदा त्याने लग्नात दिवे घालवले म्हणून त्याला बोलणी बसली होती. त्याने चिटणिसांना फोन लावला. चिटणीस गाडीत होते आणि फोन लागला नाही. तो मागच्या जिन्याकडे धावला, पण त्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे नव्हती. शेवटी सत्काराला आलेल्या एका निवृत्त ट्रेन लायटिंग फिटरने खाली उतरून खोकी लाथेने बाजूला केली आणि मुख्य स्विच पाडला. अंधारात आणि धुरात दीडशे माणसे पुढच्याच जिन्याने उतरली. सर्व वाचली. एका आजींचा मात्र धक्काबुक्कीत पडून खुबा मोडला. त्या पुन्हा स्वतःच्या पायांनी नीट चालू शकल्या नाहीत.

त्यानंतर आम्ही काय केले? दुसऱ्याच दिवशी कंत्राटदाराला पत्र दिले की, पहारेकरी निष्काळजी आहे, बदलून द्यावा. तीन ओळींचे पत्र होते आणि त्यावर आम्हा सर्वांच्या सह्या होत्या.

पंधरा दिवसांनी सभा झाली. एका जुन्या सभासदाने उभे राहून विचारले, "पॉइंट्समनकडून चूक झाली म्हणून प्रशासन त्याला निलंबित करते, तेव्हा चौकशीत आपण त्याच्या बाजूने काय काय विचारतो?" सभागृह गप्प झाले. आपण विचारतो की, त्याला नियम लेखी दिले होते का, किती तास ड्यूटी झाली होती, रिलिव्हर आला होता का, हत्यार-साधन हातात होते का. हेच प्रश्न आम्ही आमच्या पहारेकऱ्याबद्दल विचारले, तेव्हा उत्तरे अशी आली. नियम लेखी नव्हते. रोज बारा तासांची ड्यूटी. जोडीदार गावी गेल्यामुळे सव्वीस दिवसांत एकही सुट्टी नाही. मागच्या दाराची किल्ली नाही. मेन स्विचला हात लावायची परवानगी नाही. दोष सहीवाल्यांचा होता, आणि शिक्षा बिनसहीच्या माणसाला झाली होती. सभेने पत्र मागे घेतले. पण तोवर कंत्राटदाराने त्याला कमी केले होते आणि तो आपल्या मुलखाला निघून गेला होता. त्याचा पत्ता आमच्यापैकी कोणाकडेही नव्हता. त्याचे आडनावसुद्धा आम्हाला कंत्राटदाराच्या वहीतून काढावे लागले.

मित्रहो, आम्ही थोडक्यात वाचलो. ज्यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, त्यांच्याकडे आता बघू.

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या गाळ्याला आग लागली आणि बारा कामगार मेले. ते तिथेच काम करत आणि तिथेच झोपत. त्यानंतर अकरा दिवसांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. चौदा जण गेले. बरेच जण आसऱ्यासाठी स्वच्छतागृहाच्या भागात शिरले आणि धुराने गुदमरले. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागात पिशव्या वगैरे बनवणाऱ्या कारखान्यांच्या इमारतीत चाळीसहून अधिक कामगार झोपेत असताना आगीत सापडून मेले. त्यांतले बरेच बिहारचे होते. आणि ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे, म्हणजे अर्पोरा, येथे एका नाइट क्लबला आग लागून पंचवीस जण मृत्युमुखी पडले. मजा करायला आलेले पर्यटक त्यांत थोडे होते. बहुसंख्य तिथे काम करणारे होते, उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळ अशा दूरच्या मुलखांतून हंगामासाठी आलेले.

डिसेंबर हाच आगीचा महिना, असे आमचे म्हणणे नाही. आगी बारा महिने लागतात. पण या चार घटना शेजारी शेजारी ठेवल्या की काही गोष्टी डोळ्यांत भरतात. चारही रात्रीच्या किंवा पहाटेच्या, म्हणजे ज्या वेळी जबाबदार माणूस घरी असतो. चारही ठिकाणी वाट अपुरी पडली. आणि चारांपैकी तीन ठिकाणी मेलेल्यांत कामगारच जास्त. कारण पाहुणा दाराजवळ असतो, तर स्वयंपाकघर, माळा आणि तळघर इथे कामगार असतो. बाहेर पडायची वाट सर्वांत लांब त्यालाच असते.

कमला मिल ही मूळची गिरणीच. त्या गिरणगावाशी आपले नाते जुने आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या आणि त्या जागांवर कचेऱ्या, दुकाने, उपाहारगृहे उभी राहिली. याच गिरण्यांतल्या कामगारांना १० जून १८९० रोजी आठवड्याची रविवारची सुट्टी मिळाली. त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षे लढा दिला होता. आज त्याच आवारात सुट्टीचा दिवस म्हणजे दुप्पट कामाचा दिवस झाला आहे. एकाची सुट्टी ही दुसऱ्याची ड्यूटी असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. दिवाळीत गाड्या धावतात आणि सणाच्या टपालाच्या थैल्या उतरतात, त्या आपल्याच हातांनी. म्हणून तर आपल्या इमारतीतल्या माणसाच्या सुट्टीचा विचार आपल्याला आधी सुचायला हवा होता.

उंच इमारतीचाही एक धडा आहे, आणि तो थेट रेल्वेचा आहे. ८ मार्च २०२१ ला कोलकात्यात स्ट्रँड रोडवरच्या न्यू कोयलाघाट इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. ही रेल्वे कचेऱ्यांचीच इमारत. नऊ जण मेले, त्यांत अग्निशामक दलाचे जवान होते आणि रेल्वेची माणसेही. त्यांतले कित्येक लिफ्टने वर गेले होते. आग विझवणे हाच ज्यांचा पेशा, तेही त्या घाईत लिफ्टमध्ये शिरले. तेव्हा आपल्या सभासदांना "आगीच्या वेळी लिफ्ट नको" हे एकदा सांगून भागत नाही. दरवर्षी सांगावे लागते.

आता कायद्याबद्दल थोडे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यायचे असते, जानेवारीत आणि जुलैत. इतर राज्यांत त्यांचे त्यांचे कायदे आहेत. पण जानेवारी आणि जुलै हे दोन महिने नीट लक्षात घ्या. हंगाम डिसेंबरचा. त्या वेळी हातात असलेले प्रमाणपत्र पाच महिन्यांपूर्वीचे असते. जुलैत जिन्यात खोकी नव्हती, गच्चीवर मंडप नव्हता, दिव्यांच्या माळा नव्हत्या. कागद खरा असतो, पण तो दुसऱ्याच इमारतीचा झालेला असतो. म्हणून आमच्या समितीने स्वतःपुरता नियम केला की, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सर्वांनी मिळून इमारत पायी फिरून बघायची. ही फेरी कायद्याने सांगितलेली नाही, पण आम्हाला त्या कागदाइतकीच जरूर वाटते.

या फेरीत काय बघायचे?

पहिले म्हणजे वाट. दोन्ही जिने तळापासून गच्चीपर्यंत मोकळे हवेत. खोके, सायकल, मोडकी खुर्ची, कुंडी, काहीही नको. "चार दिवसांपुरते" हा शब्द ऐकला की तिथेच थांबावे. सभागृहाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते ना, बघावे. आत उघडणारे दार गर्दीच्या रेट्याने बंदच राहते. चोरीच्या भीतीने मागचे दार बंद ठेवायचे असेल, तर आतून किल्लीशिवाय उघडेल असा आडणा लावावा. कार्यक्रम चालू असेपर्यंत कुलूप मात्र नको. चोर गेला तर माल जातो. कुलपाने जे जाते ते परत येत नाही.

दुसरे म्हणजे वीज. हा हिशेब आपल्या लोकांना सहज समजण्यासारखा आहे. दोन हजार वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर ओढते. साधे पॉइंट सहा अँपिअरचे असते. केटररने अशा दोन शेगड्या आणि त्यावर हजार वॅटचा ध्वनिक्षेपक एकाच वाटेवर लावला, तर बावीसच्या आसपास अँपिअर होतात. मग फ्यूज उडतो, कोणीतरी त्यात जाड तार घालतो, फ्यूज उडायचा थांबतो आणि भिंतीतली वायर तापू लागते. तेव्हा सभागृह देतानाच वीज किती मिळेल ते अर्जावर लिहून द्यावे. त्याहून जास्त हवी असेल तर मंडपवाल्याने वेगळी सोय करावी. गळती झाल्यास वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर सभागृहाच्या वाटेवर बसवावा. तो पैसा वाया जात नाही. आणि दिवाळीत लावलेल्या माळा नाताळपर्यंत तशाच लोंबकळत ठेवू नयेत. उन्हाने त्यांचे आवरण तडकते, उंदीर कुरतडतात, आणि वर्षअखेरीला आपण पुन्हा बटण दाबतो.

तिसरे म्हणजे आग विझवण्याची नळकांडी. काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही ते पाहावे, आणि नळकांडे वापरायचे कसे हे निदान चार माणसांना करून दाखवावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये. आधी स्विच पाडावा, मग कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे वापरावे. स्वयंपाकाचे सिलिंडर जिन्यात किंवा जिन्याखाली कधीही ठेवू देऊ नयेत. १०१ आणि ११२ हे क्रमांक मीटरच्या खोलीबाहेर, जिन्यावर आणि सभागृहात मोठ्या अक्षरांत रंगवावेत. त्याखाली इमारतीचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण लिहावी. नवा माणूस घाबरला की पत्ता सांगू शकत नाही.

चौथे म्हणजे बंद राहणारे गाळे. आठ-दहा दिवस दुकान बंद करून जाणाऱ्या गाळेधारकाकडून तारखा लेखी घ्याव्यात. त्याचा मेन स्विच आणि पाण्याचा कॉक बंद केल्याची खात्री करावी. एक जादा किल्ली लाखेने सीलबंद केलेल्या पाकिटात, वर दोघांच्या सह्या घेऊन, समितीच्या कपाटात ठेवावी. पाकीट फोडले तर का आणि कोणासमोर फोडले, याची वहीत नोंद करावी. टपाल खात्यातल्या बांधवांना ही पद्धत नवी नाही. एका पोस्टमन मित्राने आम्हाला सांगितले की, शटरखाली चार दिवसांचे टपाल साचलेले दिसले की दुकान रिकामे आहे हे साऱ्या रस्त्याला कळते. तेव्हा ते टपाल रोज उचलून आत ठेवायचे काम पहारेकऱ्याच्या यादीत लिहिले पाहिजे.

यादी संपली, पण मुख्य गोष्ट अजून राहिली आहे. हे सारे करायचे कोणी, आणि कोणत्या अधिकाराने?

स्टेशन मास्तर चार्ज दिल्याशिवाय घरी जातो का? पोस्टातल्या तिजोरीला दोन कुलपे असतात आणि किल्ल्या दोघांकडे असतात. एक जण रजेवर जाताना आपली किल्ली सही घेऊन दुसऱ्याच्या ताब्यात देतो. आयुष्यभर आपण हे पाळतो. मग पतपेढीचा चिटणीस किल्ल्यांचा जुडगा खिशात घालून गाडीत कसा बसतो? सुट्टीवर जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. एलटीसी आपल्या हक्काची आहे. पण जाताना चार्ज द्यावा. २० डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात रोज गावात कोण हजर असेल, त्याचे नाव फळ्यावर लिहावे. आम्ही आता तसे करतो. दोन नावे असतात, एक पहिले आणि एक राखीव.

आणि पहारेकऱ्याला अधिकार द्यावा. आम्ही त्याला मराठीत आणि हिंदीत एक कागद दिला आहे. त्यात लिहिले आहे की, धूर, ठिणगी किंवा जळका वास आल्यास त्याने कोणाला न विचारता मेन स्विच पाडावा, दोन्ही दारे उघडावीत, १०१ ला फोन करावा आणि मग समितीला कळवावे. शंका खोटी ठरली तरी त्याला कोणी बोलणार नाही. त्यावर अध्यक्षांची सही आहे. पुढच्याच वर्षी एका लग्नात ऐन जेवणाच्या पंगतीत त्याने खरेच दिवे घालवले. वास आचाऱ्याच्या करपलेल्या भाजीचा निघाला. वरपक्ष संतापला, आमच्यावर ओरडला. आम्ही त्या सर्वांदेखत पहारेकऱ्याला शाबासकी दिली. त्या दिवशी तो कागद खरा झाला.

आता तासांचा हिशेब. आठवड्याचे तास १६८. अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याने एका जागेला साडेतीन माणसे लागतात. आपण दोन ठेवतो आणि प्रत्येकाकडून चौऱ्याऐंशी तास काढून घेतो. १९७४ च्या रेल्वे संपात आठ तासांच्या कामाची मागणी होती. त्यासाठी आपल्या माणसांनी तुरुंग पाहिले, नोकऱ्या गमावल्या. त्यांची नावे ज्या इमारतीत भिंतीवर लावली आहेत, त्याच इमारतीच्या दारात आपण बारा तासांची पाळी लावतो! संस्थेला चार माणसे परवडत नाहीत, असे उत्तर येईल. बारमाही परवडत नसतील तर निदान हंगामात बदलीचा माणूस घ्यावा. आमच्या वहीत डिसेंबरातले सभागृहाचे चार दिवसांचे भाडे बदलीच्या माणसाच्या महिन्याच्या पगाराला पुरते. आधी परवडत नव्हते असे नाही, आम्ही कधी हिशेबच केला नव्हता.

उत्तरेकडच्या सभासदांसाठी एक वेगळा शब्द. आपली मराठी माणसे झाशी, बीना, इटारसी, भोपाळ, दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत. तिकडे डिसेंबर-जानेवारीची रात्र आपल्याकडच्यासारखी नसते. पहारेकरी केबिनचे दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी पेटवतो आणि झोपतो. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुरतही नाही. माणूस झोपेतून उठत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. "शेगडी पेटवू नये" अशी नोटीस लावून समितीची जबाबदारी संपत नाही, कारण थंडी नोटीस वाचत नाही. त्याला जाड कांबळे, कानटोपी, वारा अडेल पण हवा खेळेल अशी केबिन, आणि हीटर द्यायचा तर सोळा अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर द्यावा. हा सारा खर्च एका खुर्ची-टेबलाच्या खर्चाहून फारसा जास्त नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीची छोटी सभा घ्यावी. माळा उतरवाव्यात, नळकांडी पुन्हा तपासावीत, हंगामात काय चुकले ते लिहावे, आणि मगच जानेवारीच्या प्रमाणपत्रासाठी माणूस बोलवावा. ही नोंद वार्षिक सभेच्या अहवालात छापावी. नफा-तोट्याच्या पत्रकाशेजारी तीही सभासदांना दिसू द्या.

समारोप करतो. तुमच्या पतपेढीच्या नोव्हेंबरच्या सभेत तीन विषय मांडा, एवढीच आमची विनंती आहे. सुट्टीच्या काळात चार्ज कोणाकडे? मागच्या दाराची किल्ली कोणाकडे? आणि पहारेकऱ्याला आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? या तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात लिहिली गेली, तर तुमची इमारत आमच्यापेक्षा चांगल्या हातांत आहे.

आमच्या पहिल्या पहारेकऱ्याला आम्ही शोधू शकलो नाही. आता कामावर येणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव, गाव आणि घरचा पत्ता आम्ही पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतो. आमच्या हातून पुन्हा चूक झाली, तर निदान दिलगिरीचे पत्र तरी त्याच्या पत्त्यावर पोचावे. ते पोचवायला आपले टपाल खाते समर्थ आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो.